गांजा, बारावी आणि माझी धाकटी बहीण

हे लिहायला घेतलं तेव्हा रश्मी फोनवर म्हणाली, "दादा, माझं नाव नको टाकू बरं त्यात." मी म्हटलं, बरं. आणि पहिल्याच वाक्यात टाकलं. तिने मला इतकी वर्षं दमात घेतलंय, निदान कागदावर तरी माझं चालू दे.

मी नितेश. गोंदियाच्या कडेला मुर्रीला आमचं घर. बाबा राईस मिलमध्ये मशीनवर असतात. आई घर सांभाळते आणि हंगामात मामाच्या शेतावर जाते. रश्मी माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. ती आता नागपूरला नर्सिंग करतेय आणि मी इथेच बी.ए. करतोय. दुपारी एका मिलच्या वजनकाट्यावर बसतो.

गांजामुळे माझं डोकं बिघडलं आणि शिक्षण सुटलं. पुढे दोन्ही परत मिळालं, ते जास्त करून या मुलीमुळे. ज्यांच्या घरात असंच काही चालू आहे आणि ज्यांना ते कोणाला सांगता येत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती डॉक्टरला विचारा, मला नका विचारू.

फुंक मार

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दारू वर्ज्य आहे. बाबा विहाराच्या समितीवर. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे त्यांचा जीव, कारण सख्ख्या धाकट्या भावाला दारूने नेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी नववीत गेल्यापासून संध्याकाळी घरी आलो की ते मला दारातच थांबवायचे.

"फुंक मार."

मी फुंकायचो. बाबा हुंगायचे, मान डोलवायचे आणि मला आत सोडायचे. मी सौंफ खाऊन यायचो, आणि मिलमधल्या कोंड्याच्या धुळीत राहून राहून त्यांचं नाक तसंही दारूपुरतंच उरलं होतं. गांजाचा वास कसा असतो हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. कपड्यांना वास आलाच तर आई म्हणायची, "कोणाच्या बिडीजवळ बसून राहिला होता रे?" आमच्या भागात बिडीच्या वासाचं कोणाला काय वाटणार!

दहावीत मी गांजा कधीमधी घ्यायचो. एका मित्राच्या नादाने सुरू झालं होतं. दहावीला मार्कं चांगली पडली, त्यामुळे मला वाटलं, याने काही बिघडत नाही. हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज. ती मार्कं आधीच्या नऊ वर्षांच्या पुण्याईवर आली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा तर हवेत होते. वस्तीत सांगत सुटले होते, "माझा पोरगा दारूले शिवत नाही." एका जयंतीला समितीने व्यसनमुक्तीवर भाषण करायला मलाच उभं केलं. भाषण चांगलं झालं असं लोक म्हणतात. टाळ्या पडल्या, हार घातला. त्या भाषणातलं मला एक अक्षर आठवत नाही.

लय वाचून राहिला

अकरावीला सायन्स घेतलं आणि गांजा रोजचा झाला. सर फळ्यावर गणित सुरू करायचे. तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ माझ्या डोक्यातून निघून गेलेली असायची. मी बाजूच्याकडे पाहून उतरवून घ्यायचो. बारावीत नापास झालो. पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी खोलीत बसायला लागलो, पुस्तक समोर उघडं ठेवून. बोलणं कमी झालं. आंघोळ टाळायचो. शेजारी हसले की मलाच हसतायत असं वाटायचं. घरच्यांना एवढंच दिसत होतं की पोरगा दिवसभर पुस्तकापुढे बसलेला आहे, डोळे लाल आहेत आणि स्वतःशी पुटपुटतो आहे.

आता आमच्या घराची चूक पाहा. ज्या घरात आजोबांना शाळेच्या दाराशी बसवलं होतं, त्या घरात पुस्तकापुढे बसलेल्या पोरावर कोणी संशय घेत नाही. बाबांनी निदान करून टाकलं. "लय वाचून राहिला. डोस्कं गरम झालं त्याचं."

मग उपचार सुरू झाले. आई बदाम भिजत घालायची. डोक्याला थंड तेल. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बैगाले दाखवा ना एकदा, बाहेरचं असंन." मांत्रिकाचं नाव निघताच बाबा उसळले. "आमच्यात ते चालत नाही. भूत नाही, काही नाही. अभ्यासाचं टेन्शन आहे त्याले." आणि ज्या माणसाने मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, त्यानेच माझी सगळी पुस्तकं गोळा करून कपाटात बंद केली. फक्त एक इतिहासाचं जुनं पुस्तक हातात ठेवलं, मन रमावं म्हणून. म्हणाले, "बेटा, सहा महिने वाचू नको. फिरून ये बाहेर." मला बाहेरच तर जायचं होतं. मी अजून जास्त ओढायला लागलो.

रश्मी तेव्हा अकरावीत होती. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून अभ्यास करायची. एक दिवस जेवताना ती बाबांना म्हणाली, "बाबा, दादा वाचून नाही राहिला."

"का म्हणते?"

"त्याचं पान उलटतच नाही. मी आठ-दहा दिवसांपासून पाहून राहिली. तेच पान आहे. त्याले वाचताच येऊन नाही राहिलं."

बाबा तिच्यावर खेकसले. मोठ्या भावाबद्दल असं बोलतात का, वगैरे. तिने खाली पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली. त्या वेळी मला तिचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्या घरात डोळे उघडे ठेवून बसलेली ती एकटीच होती.

निदानाचा दिवस

तो दिवस स्टेशनवर सुरू झाला. गोंदिया जंक्शनला दिवसभर घोषणा चालू असतात, कोणती गाडी कोणत्या फलाटावर येणार. मी असाच भटकत तिथे गेलो आणि मला ऐकू आलं की ती बाई माझं नाव घेतेय. नितेश नापास झालाय, नितेशला सोडू नका. हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, तिन्ही भाषांत. मी कान दाबून फलाटावर बसलो. लोक जमले. कोणीतरी माझ्या फोनवरून घरी फोन लावला आणि तो रश्मीने उचलला.

मला सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हाही मी घाबरून कान दाबूनच होतो. हे वाचणाऱ्यांना सांगतो, ती भीती खोटी नसते. आवाज खोटा असतो, भीती शंभर टक्के खरी असते. "असं काही नसते रे" म्हणून ती जात नाही.

मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि शांतपणे विचारलं, "काय घेतोस?"

"मी दारू पीत नाही."

"दारूचं नाही विचारलं मी."

मग मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता आणि मला रडू फुटलं. त्यांनी बाबांना आत बोलावून सांगितलं. गांजामुळे मन आजारी पडलंय, भास होतायत, भरती करावं लागेल, बरा होईल.

बाबा उभेच होते. म्हणाले, "पण मॅडम, मी तं रोज फुंक घेत होतो त्याची."

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस ठरलेला असतो. सकाळी गोळ्या, चहा, झाडलोट, डॉक्टरांची फेरी, मग लांबच लांब दुपार. पहिल्या दिवसांत औषधाने जबडा जड व्हायचा, तोंडातून लाळ गळायची, पाय एका जागी ठरायचे नाहीत. मला वाटायचं, हेच आता कायमचं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी औषध बदलून दिलं आणि ते थांबलं. म्हणून म्हणतो, त्रास होत असेल तर सांगा. गोळ्या गुपचूप गादीखाली लपवू नका. मी तेही करून पाहिलंय, आणि आवाज परत आले.

बाबा पाळी संपली की थेट मिलमधून यायचे. भुवयांवर कोंडा तसाच. माझ्याशी बोलायचे नाहीत. पायथ्याशी बसून माझे वळवळणारे पाय धरून ठेवायचे, मला झोप लागेपर्यंत. ज्या माणसाचं नाक वस्तीत वर होतं ते माझ्यामुळे खाली गेलं होतं, आणि तो माणूस माझे पाय चेपत होता. मी डोळे मिटून घ्यायचो, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर बिसेनकाका होते. वीजकाम करणारे, वय चाळिशीच्या पुढे. त्यांनाही गांजानेच आणलं होतं, पण त्यांची सुरुवात तिशीनंतरची होती. नशा उतरल्यावर थोड्याच दिवसांत ते पेपर वाचायला लागले. पुढे तर शब्दकोडं सोडवायला लागले आणि मला हाक मारून विचारायचे, "नितेश, चार अक्षरी नदी सांग." मी पेपर हातात घ्यायचो. अक्षरं दिसायची, शब्दही कळायचे. पण वाक्याच्या शेवटी पोचलो की सुरुवात गायब. मला काकांचा एवढा हेवा वाटायचा की मी त्यांच्याकडे पाठ करून झोपायचो.

एकदा फेरीच्या वेळी मी मॅडमना विचारलंच. आजार एकच, मग काकांचं डोकं चालतं आणि माझं का नाही?

त्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "मेंदू विशी ओलांडली तरी घडत असतो. काकांचा घडून झाला होता, मग बिघडला. त्यांचं शिकलेलं आत शाबूत होतं. तू शिकायच्या वयातच सुरू केलंस. जे तेव्हा आत जायला हवं होतं, ते गेलंच नाही."

"म्हणजे माझं गेलं?"

"घडणं अजून चालू आहे ना तुझं? मग गेलं कसं? वेळ लागेल. आणि ते पुन्हा हातात घ्यायचं नाही, एकदाही नाही."

वेळ किती, ते त्या बोलल्या नाहीत. काही पोरांचं पूर्ण भरून येतं, काहींचं थोडं राहून जातं, असं त्यांनी खरं खरं सांगितलं. खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

चार ओळी

घरी आलो. भास गेले होते, पण डोकं रिकाम्या पोत्यासारखं होतं. रश्मीची बारावी सुरू झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी मार्कं हवी होती. पहिल्याच आठवड्यात ती माझ्यापुढे येऊन बसली.

"दादा, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भर. आर्ट्समधून बस. माझ्याबरोबरच दे बारावी."

"मला वाचता येत नाही, बबली." घरात मी तिला बबलीच म्हणतो.

"मले माहीत आहे. मीच तं सांगितलं होतं सगळ्यायले." आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून घरात सगळे माझ्याशी काचेचं भांडं असल्यासारखं वागत होते. ही एकटी पहिल्यासारखी खोडी काढत होती. त्या हसण्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं बदामांनी कधी वाटलं नाही.

तिची पद्धत साधी होती. मी चार ओळी मोठ्याने वाचायच्या, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते तिला सांगायचं. पहिल्या दिवशी मी चार ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. काहीच आठवेना. ती म्हणाली, "बरं, दोन वाच." दोन्हीही गेल्या. "एक वाच." एक ओळ मी सांगितली. तिने टाळी वाजवली नाही की शाब्बास म्हटलं नाही. "उद्या पुन्हा एक," म्हणाली आणि आपलं जीवशास्त्र उघडलं.

महिनाभरात मी दोन-तीन ओळींवर आलो आणि तिथेच अडकलो. मला पुढची पानं दिसायची. केवढं जाड पुस्तक! कधी व्हायचं? चिडून मी पुस्तक भिरकावलं. ते आईच्या पायाशी पडलं.

तेव्हा धानाच्या रोवण्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी आई मला मामाच्या शेतावर घेऊन गेली, रश्मीला सुट्टी होती म्हणून तीही आली. चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवायचे आणि मागे मागे सरकायचं, अशी आमच्याकडे रोवण्याची रीत आहे. मी सारखा मान वळवून मागे पाहायचो, बांधीतली किती जागा रोवायची उरली म्हणून, आणि माझी ओळ वाकडी व्हायची. आई म्हणाली, "मागं काऊन पाहून राहिला? रोवलेलं समोर आहे ना, ते पाह. उरलेलं आपोआप पायाखाली येते."

रश्मी माझ्या बाजूच्या ओळीत होती. ती थांबली. चिखलाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकलं?"

त्या दिवसापासून आमचा नियम बदलला. किती राहिलं हे बोलायचंच नाही. रोज आधी कालचं सांगायचं, परवाचं सांगायचं, आणि मग नवीन. पुढचं पान ती हाताने झाकून ठेवायची. ही युक्ती कोणत्या पुस्तकात आहे का, मला माहीत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने ती चिखलात उभं राहून काढली आणि माझं गाडं हललं.

तिचं वर्ष

घरात सगळं गोड चाललं होतं असं समजू नका. रश्मीचे दोन तास रोज माझ्यावर जायचे. घटक चाचणीत तिची मार्कं घसरली. आईने माझ्यासमोरच तिला सुनावलं, "याचं तं बिघडलं, आता तुझं बी बिघडवतं का? तू तुझं पाह." बाबांनीही तेच म्हटलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. एका घरात दोन बारावी होत्या, आणि एक तर आधीच बुडालेली होती. बुडणाऱ्याच्या मागे दुसरी का घालवायची?

मी रश्मीला म्हटलं, "राहू दे. आई बरोबर बोलतेय."

ती म्हणाली, "तुले सांगता सांगता मलेच पाठ होते." हे खोटं होतं. माझा इतिहास पाठ करून तिला काय मिळणार होतं? ती पहाटे उठून आपलं वेगळं वाचत होती, हे मला स्वयंपाकघरातल्या दिव्यावरून कळायचं. तिने कधी तोंडावर आणलं नाही. मला आजवर अनेकांनी धीर दिला, सल्ले दिले. स्वतःचं वर्ष पणाला लावून बसलेली फक्त ही एक.

पुलाजवळ

दिवाळीनंतर जुना मित्र भेटला. मोटारसायकल थांबवून म्हणाला, "क्या बे, दिखता नहीं आजकल? चल, बैठते हैं." मी बसलो मागे. दोन ओळींसाठी रोज झगडायचा कंटाळा आला होता, एवढंच सांगू शकतो.

कालव्याच्या पुलाजवळ आम्ही बसलो. त्याने तयारी सुरू केली. तेवढ्यात सायकलवर रश्मी आली. वस्तीतल्या कोणीतरी तिला सांगितलं असावं. तिने सायकल उभी केली, आमच्याजवळ येऊन खाली बसली आणि दप्तरातून पुस्तक काढलं.

मित्र गडबडला. "अरे, तू कायले आली?"

"तुम्ही ओढा," रश्मी म्हणाली. "मी बी इथंच बसून राहीन. दादाचं आजचं वाचायचं राहिलं आहे." आणि माझा धडा तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मध्ये कुठेच थांबली नाही.

मित्राने हातातलं खिशात टाकलं. थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि "चलता हूँ" म्हणून निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. घरी येताना मी सायकल चालवली, ती मागे बसली. तिने बाबांना सांगितलं नाही. मीच सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते उठून उभे राहिले. मला वाटलं, वर्गणीचं काही बोलणार. ते म्हणाले, "माझ्या पोराले गांजाची बिमारी झाली होती. दवाखाना चालू आहे. तुम्ही बी आपल्या पोरायची फक्त दारूच हुंगू नका. त्यायच्याजवळ बसा, का वाचते, का नाही, ते पाहा." आणि खाली बसले. ज्या वस्तीत त्यांनी माझी एवढी बढाई मारली होती, तिथेच. बाहेर पडताना दोन माणसं त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात काही विचारत होती. बाबांनी त्यांना मॅडमच्या ओपीडीचा वार सांगितला.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी पुन्हा बोलायला लागले.

उतारा

परीक्षेला आम्हा दोघांचं केंद्र एकच आलं. मी बाहेरून बसलेला, ती कॉलेजची. खोल्या वेगळ्या. पहिला पेपर इंग्रजीचा होता, तो मी कसाबसा ओढला. मराठीच्या पेपरला एक न वाचलेला उतारा येतो, तो वाचून उत्तरं लिहायची. माझी सगळी भीती त्या उताऱ्याची होती. धडे रश्मीने पाठ करून घेतले होते. उतारा मला एकट्याला वाचायचा होता, पान झाकायला कोणी नव्हतं.

उतारा मधमाशीवर होता. मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. सवयीने थांबून मनात पहिली सांगितली, मग तिसरी वाचली. असं करत शेवटच्या ओळीला पोचलो आणि पेन तसंच हातात राहिलं. पहिली ओळ डोक्यात होती. मधलं सगळं होतं. माशी कुठून निघाली, तिला काय सापडलं, परत येऊन तिने काय केलं, अख्खं होतं. मी पुन्हा वाचलं नाही. न पाहता मनातल्या मनात सुरुवातीपासून म्हटलं, आणि ते आलं.

मी बेंचवर रडायला लागलो. पर्यवेक्षक बाई धावत आल्या. "काय झालं? पेपर कठीण आहे का?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "समजला."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

पेपर सुटल्यावर रश्मी फाटकाशी उभी होती. तिने काही विचारायच्या आतच मी सुरू झालो. "बबली, ऐक! एक मधमाशी असते. ती लांब कुठेतरी फुलं शोधायला जाते." आम्ही मुर्रीच्या रस्त्याला लागलो. ऑटो जात होते, मी ऑटोला हात केला नाही. मी सांगत होतो, त्या माशीला फुलं सापडतात. मग ती पोळ्यावर परत येते आणि तिला बोलता तर येत नाही, मग ती काय करते?

"का करते?" रश्मीने विचारलं.

"नाचते!" आणि मी भर रस्त्यात नाचून दाखवलं, आठाच्या आकड्यात फिरून. चहाच्या टपरीवरची माणसं हसली. रश्मीही पोट धरून हसली. कोणत्या दिशेला फुलं आहेत, किती लांब आहेत, सगळं ती माशी नाचून सांगते आणि बाकीच्या माश्या बरोबर तिथे जाऊन पोचतात, हे मी तिला तपशीलवार सांगितलं. मध्येच ती विचारायची, "मग?" आणि "खरंच?" आणि मी अजून रंगात यायचो. पूर्ण वाट मी एकटाच बोलत होतो. तिने एकदाही मला तोडलं नाही.

घरी पोचलो तेव्हाही माझं चालूच होतं. आई दारात उभी होती. म्हणाली, "का सांगून राहिला एवढा रस्त्यानं?"

"मधमाशीचा उतारा आला होता पेपरात," मी म्हटलं.

आई रश्मीकडे वळली. "तुमचा दोघांचा पेपर तं एकच होता ना? तुले बी तोच उतारा आला असंन."

मी जागच्या जागी थांबलो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हो," रश्मी पायावर पाणी घेत म्हणाली. "तोच होता."

"मंग त्याचं कायले ऐकून राहिली एवढं?"

रश्मीने तांब्या खाली ठेवला. "आई," ती म्हणाली, "त्यानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितलं."